वाकवलेला आकार आणि वाहता रंग: अभिव्यक्तिवादी सिरॅमिकमध्ये माती आणि ग्लेझ एकत्र कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाल मातीत, घरगुती इलेक्ट्रिक भट्टीत काम चालू आहे. १९२०च्या दशकातल्या व्हिएन्नाच्या सिरॅमिकसारखे चेहरे आणि फुलदाण्या करायच्या आहेत. आकार मुद्दाम वाकवला तरी तो बिघडल्यासारखा दिसतो, आणि कच्चे असताना झणझणीत वाटणारे रंग भाजून निघाले की मातकट होतात. चुकतं कुठे?

तक्रारी दोन असल्या तरी मूळ एकच आहे. आधी आकार पुरा करायचा, वाळवायचा, बिस्क करायचा (म्हणजे ग्लेझशिवाय पहिल्यांदा भाजायचा), आणि मग बसून त्यावर रंग 'चढवायचे' ही सवय या कामाच्या मुळावर येते. ग्लेझ म्हणजे कागदावर बसणारा पोस्टर कलर नव्हे, ती वितळलेली काच आहे. ती कडेवरून ओसरते, खळग्यात साचते, उतारावर वाहते. अंगठा ओल्या मातीत खोबण पाडतो तेव्हाच तिथला निळा किती गडद होणार हे ठरून गेलेलं असतं. म्हणून रंगाचा विचार मळलेल्या मातीच्या गोळ्यापासून सुरू करावा लागतो.

व्हिएन्नाचं उदाहरण इथे फार उपयोगाचं आहे, म्हणून आधी तेच बघू. मिखाएल पोव्होल्नी आणि बेर्टोल्ड ल्योफ्लर यांनी १९०६मध्ये 'वीनर केरामिक' ही कार्यशाळा काढली. तिचं काम नेटकं आणि भौमितिक होतं: पांढरा पृष्ठभाग, काळी रेघ, मोजका रंग. पोव्होल्नीच्याच हाताखाली शिकलेल्या व्हॅली वीझेलटीअरने (१८९५–१९४५) पुढे 'वीनर वेर्कश्टेट'मध्ये त्याच्या बरोब्बर उलट वाट धरली. १९०३मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने पहिल्या महायुद्धाच्या काळात कलाकारांना मोकळेपणी प्रयोग करता यावेत अशी कार्यशाळा उभी केली होती. साचा, मोजमाप, गिऱ्हाइकाची ऑर्डर यांचा ताण नसलेल्या त्या जागेत झुझी झिंगर, वीझेलटीअर आणि १९२६पासून गुड्रून बाउडिश यांनी लाल मातीला वेगळंच वळण दिलं. बोटांचे ठसे तसेच ठेवलेले, चाकावरच्या भांड्याचे तुकडे जोडून उभे केलेले चेहरे, गालावर नारिंगी गोल, पापणीखालून निळा ओघळ. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात हे काम जगापुढे आलं. वास्तुविशारद आडोल्फ लोसने १९२७च्या व्हिएन्नातल्या व्याख्यानात वीनर वेर्कश्टेटवर कडाडून टीका केली. १९३२मध्ये संस्था बंद पडली. वीझेलटीअर तोवर अमेरिकेत गेली होती.

त्या चेहऱ्यांचे फोटो शांतपणे, मोठे करून बघा. चेहरा कितीही विस्कटलेला दिसला तरी मान सरळ नळकांड्यासारखी असते आणि वजन बरोबर तळावर पडतं. नाक ही एकच चिमूट असते, पण ती नेमक्या जागी घेतलेली. डोळे कोरलेले किंवा आरपार कापलेले असतात. रंग चार-पाचच्या पुढे क्वचित जातो आणि मातीचा तांबूसपणा कुठे ना कुठे डोकावतो. मोकळेपणा हाताच्या हालचालीत आहे. बांधणी मात्र काटेकोर आहे. तुमचा आकार बिघडल्यासारखा वाटतो तो बहुधा याच्या उलट घडल्यामुळे: बांधणी ढिली आणि हात घाबरत चाललेला.

आता आकाराकडे. मातीच्या ओलेपणाच्या प्रत्येक टप्प्याला एकेक हालचाल शोभते. ती दुसऱ्या टप्प्यात केली की खोटी दिसते, किंवा तडा जातो.

चाकावरून नुकतंच उतरलेलं, चिखलाळ ओलं भांडं फक्त आतून ढकलायचं. लाकडी चमच्याची पाठ किंवा बोटाचं पेर आतून दाबलं की भिंत ताणली जाते, बाहेर फुगवटा येतो. बाहेरून दाबलं तर तोच आकार पोचा पडलेल्या डब्यासारखा दिसतो. चेहऱ्यात जिवंतपणा हवा असेल तर गाल, कपाळ, हनुवटी सगळं आतून बाहेर यायला हवं. बाहेरून फक्त डोळ्यांचे खळगे दाबायचे.

काही तासांनी माती बोटाला चिकटायची थांबते, पण अजून वाकते. हा मऊ लेदर-हार्ड (चामड्यासारखा घट्ट होऊ लागलेला) टप्पा सगळ्यांत मोलाचा, आणि बहुतेक जण तो हातचा घालवतात. फाडणं, वाकवणं, मुडपणं, दुसऱ्या तुकड्यावर आपटून जोडणं हे सगळं इथेच. पिकासोने १९४७पासून व्हालोरीसच्या मादुरा कार्यशाळेत याच टप्प्यावर काम केलं. चाकावरची भांडी ज्यूल आगार हा कारागीर घडवायचा आणि पिकासो ती अजून मऊ असताना वाकवून, दाबून, त्यांतून स्त्रीची आकृती किंवा कबुतर काढायचा. यातली युक्ती कुणालाही वापरता येते: भांड्याचं तोंड चाकावरच पूर्ण बंद करा. आत कोंडलेली हवा भिंतींना आधार देते, त्यामुळे बाटली कमरेत वाकवली तरी घडी पडत नाही, गोलाई राहते. आकार जमला की सुईने भोक पाडा. हे भोक विसरलात तर माती आकसताना आतल्या हवेच्या विरोधात ताणली जाते आणि वाळतानाच शिवणीवर तडा जातो.

पूर्ण लेदर-हार्ड झालं की फक्त कापायचं: तारेने सरळ घाव घालून पैलू पाडणं, डोळे आरपार कोरणं, रेषा खणणं. या टप्प्यात वाकवायला गेलात तर वाक आत्ता टिकल्यासारखा दिसेल, पण माती आपली जुनी ठेवण विसरत नाही. भट्टीत ती पुन्हा थोडी सरळ होते आणि जोड उघडतो.

एक चेहरा घेऊन मापं सांगतो. भाजून साधारण २५ सेंटीमीटर उंचीचा हवा असेल तर कच्चा २७–२८ सेंटीमीटरचा धरा. नेमका आकडा तुमच्या मातीच्या आकुंचनावर आहे: १० सेंटीमीटरची रेघ मारलेली मातीची पट्टी भाजून मोजा, म्हणजे अंदाजाने काम करावं लागणार नाही. खाली मानेसाठी ९–१० सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं, वर डोक्यासाठी बंद तोंडाचं अंड्यासारखं भांडं. भिंत सगळीकडे ८ ते १० मिलिमीटर. दोन्ही मऊ लेदर-हार्ड असताना जोडाच्या जागी आडव्या-उभ्या खाचा पाडायच्या, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावायची, दाबून थोडं फिरवायचं, आणि आतून पातळ कॉइल (मातीची वळी) बसवून अंगठ्याने शिवण बुजवायची. बाहेरची शिवण पुसू नका. बाहेर आलेली स्लिप तशीच राहू दे, नंतर तिथे ग्लेझ अडतं आणि गळ्याभोवती आपोआप गडद रेघ मिळते. नाक हे वेगळं चिकटवलेलं त्रिकोणी ढेकूळ नको. कपाळाकडून खाली माती ओढून घ्या, कमी पडली तर एक कॉइल घालून दोन बोटांच्या एकाच चिमटीत काढा. दुसऱ्यांदा चिमूट घेतली की नाक 'दुरुस्त' केल्यासारखं दिसतं, आणि ते कायम दिसत राहतं. केसांसाठी पट्ट्या कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेवर ग्लेझ पातळ बसतं आणि लाल माती उजळून दिसते, सुरीने कापलेल्या कडेवर ते सुख नाही. तोंड आणि डोळे आरपार ठेवलेत तर आतली वाफ जायला वाटही होते.

तोल बघायला सोपी रीत: काम लेदर-हार्ड असताना तळाखाली एका बाजूला ५ मिलिमीटरची पट्टी सरकवा. डगमगलं तर ते भाजल्यावरही डगमगणार. कललेला आकार हवा तर तळ कलाच्या दिशेने वाढवा, किंवा मागे जाड कॉइल घालून वजन मागे घ्या.

मातीबद्दल. गावातल्या कुंभाराकडून आणलेली माती स्वस्त आणि रंगाने देखणी असते, पण आपल्याकडच्या बेसाल्टच्या प्रदेशात तिच्यात चुनखडीचे कंकर असण्याची शक्यता मोठी. भाजताना त्यांचा चुना होतो, नंतर तो हवेतला ओलावा शोषून फुगतो, आणि आठवड्याभराने चांगल्या कामाच्या गालावरून टिकलीएवढा कपचा उडतो. सुक्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर ती माती पाण्यात कालवून ६० मेशच्या चाळणीतून गाळल्याशिवाय वापरू नका. काळी कपाशीची माती मिसळलेली असेल तर आकुंचन फार होतं. ती टाळलेलीच बरी. शिवाय कुंभार ही माती बऱ्याच कमी तापमानाला भाजतो. १०५० अंशांना ती फुगते की बसते हे एका पट्टीवर आधी पाहून घ्या. शिल्पासाठी कोणत्याही लाल मातीत २० ते २५ टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) हवा, अर्धा ते दीड मिलिमीटर दाण्याचा. ग्रॉगमुळे आकुंचन घटतं, जाड भिंतीतून वाफ निघते आणि फाडलेली कड खरबरीत येते.

वाळवणं हा कंटाळवाणा भाग, पण सर्वाधिक कामं इथेच मरतात. नाक, केसांची टोकं, कानाच्या पाळ्या आधी वाळतात आणि जाड मानेपासून सुटतात. टोकांना प्लास्टिक गुंडाळा, मान उघडी ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात असं काम तीन आठवडे घेऊ शकतं. हात लावल्यावर माती गार लागते तोवर ती ओली आहे. भट्टीत ८० ते ९० अंशांवर सहा ते आठ तास रोखा, झडपेच्या भोकापाशी गार आरसा धरा, वाफ धरली नाही की पुढे चला. नंतर ६०० अंशांपर्यंत ताशी ६०–८० अंश, कारण ५७३ला क्वार्ट्झ अचानक आकार बदलतो. त्यापुढे ताशी १००–१२०.

आणि बिस्क जास्त तापमानाला करा, १०४० ते १०६०. ग्लेझ त्यापेक्षा थोडं खाली, १००० ते १०४०. याचं कारण पिनहोल. लाल मातीतला कार्बन आणि सल्फेट बिस्कमध्येच बाहेर पडले तर ग्लेझ वितळताना खालून वायू येत नाहीत. बिस्क ९००ला उरकून ग्लेझ १०५०ला नेलं की पांढऱ्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसणारच. तापमानासाठी नुसत्या मीटरवर विसंबू नका, प्रत्येक शेल्फवर पायरोमेट्रिक कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा छोटा सुळका) ठेवा. वरच्या आणि खालच्या शेल्फमधला फरक त्याशिवाय कळत नाही.

आता रंग. मातकटपणाची मुख्य कारणं तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळून येतात, म्हणून एकेक वेगळं करून तपासावं लागतं.

पहिलं आणि सगळ्यांत मोठं: पांढऱ्या अपारदर्शक ग्लेझमध्ये रंग मिसळणं. टिन ऑक्साइड किंवा झिर्कॉन घातलेलं ग्लेझ म्हणजे दूध. त्यात स्टेन (तयार रंगद्रव्य) घातला की फिकट, पावडरी रंगच मिळणार. गडद, खोल रंग हवा तर पारदर्शक ग्लेझ आणि त्याखाली पांढरा एंगोब (पांढऱ्या मातीचा लेप). प्रकाश काचेतून जातो, पांढऱ्यावर आपटून परत येतो, म्हणून रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. तोच पारदर्शक रंग थेट लाल मातीवर लावला तर खालचं लोह त्याला तपकिरी करून टाकतं. व्हिएन्नाच्या कामात जिथे रंग पेटलेला दिसतो तिथे खाली पांढरं असतं, आणि जिथे जाणूनबुजून दबवलेला आहे तिथे थेट माती असते. हे वाटप आपल्या हातात ठेवायचं: एका चेहऱ्यावर गालाखाली, पापणीवर, गळ्यावर एंगोब लावा, बाकी माती मोकळी सोडा. एकच हिरवं ग्लेझ सगळीकडे ओतलं तरी दोन वेगळे हिरवे मिळतील.

एंगोबची सुरुवातीची कृती वजनाने: बॉल क्ले ४०, चायना क्ले २५, क्वार्ट्झ २०, बोरॉनयुक्त शिसेविरहित फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) १५. दाट दह्याइतका पातळ करून ८० मेशने गाळा आणि लेदर-हार्ड कामावर लावा, बिस्कवर नाही. दोन हात आडवे, एक उभा. कुंचल्याचे ओरखडे राहू द्या. सुकताना कडेने सुटत असेल तर एंगोब मातीपेक्षा जास्त आकसतोय: बॉल क्ले कमी, चायना क्ले किंवा क्वार्ट्झ जास्त करा. भाजल्यावर पापुद्रे निघत असतील तर फ्रिट ५ने वाढवा.

ग्लेझसाठी सुरुवात: तोच फ्रिट ८५, चायना क्ले १५. हे पारदर्शक झालं. पांढरं हवं तर त्याच १०० भागांवर टिन ऑक्साइड ४ आणि झिर्कोनियम सिलिकेट १०. नुसतं टिन महाग पडतं आणि नुसता झिर्कॉन थोडा कडक, प्लास्टिकसारखा दिसतो. मिश्रणात टिनचा मऊपणा राहतो. फ्रिट बदलला की वितळणं बदलतं, त्यामुळे ही कृती आधी बिस्क केलेल्या मातीच्या तुकड्यावर तपासा, आणि तुकडा उभा ठेवून भाजा. आडव्या तुकड्यावर ग्लेझ वाहतं की नाही हे कळतच नाही. १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४५ ते १५० ग्रॅम ठेवा. बुडवायला दोन ते तीन सेकंद पुरतात. कच्चा थर साधारण १ मिलिमीटर झाला आहे का हे सुईने टोचून बघता येतं.

रंगद्रव्यं ग्लेझच्या १०० भागांवर: कोबाल्ट कार्बोनेट अर्धा ते १, तेवढ्यानेही गडद निळा होतो. कॉपर कार्बोनेट २ ते ४ बोरॉनच्या ग्लेझमध्ये हिरवा देतं. तोच तांबा सोडा-पोटॅश भरपूर असलेल्या अल्कली ग्लेझमध्ये फिरोजी होतो, त्यामुळे फिरोजी हवा तर रंग न बदलता ग्लेझ बदलावं लागतं. लोह ४ ते ८ मध ते तपकिरी. मँगनीज ३ ते ५ जांभळट तपकिरी. पिवळ्यासाठी प्रासिओडिमियमचा स्टेन ६ ते ८. लाल-नारिंगीसाठी झिर्कॉनच्या कवचातला कॅडमियम-सेलेनियम स्टेन १० ते १२. तो बॉल मिलमध्ये दळू नका, कवच फुटतं आणि रंग जातो.

दुसरं: काही जोड्या मुळातच वैरी आहेत. क्रोमचा हिरवा आणि झिंकचं ग्लेझ एकत्र आले की तपकिरी. क्रोम आणि टिन शेजारी आले की क्रोमची वाफ उडून टिनच्या पांढऱ्यावर गुलाबी डाग, तेही शेजारच्या कामावर. गुलाबी मुद्दाम हवा असेल तर क्रोम-टिन स्टेनला कॅल्शियम भरपूर आणि झिंक शून्य लागतं. तिसरं कारण साधं आहे: तीन-चार ऑक्साइड एकत्र कालवणं. पॅलेटवर रंग मिसळून करडा होतो तसंच इथे होतं, फक्त इथे ते भट्टी उघडल्यावर कळतं. दोन शुद्ध रंग शेजारी ठेवा आणि मधे मातीची कड सोडा. डोळा ते आपोआप जोडतो.

पांढऱ्या कच्च्या ग्लेझवर कुंचल्याने काढायचं असेल, म्हणजे माजोलिका पद्धत, तर स्टेन एक भाग आणि फ्रिट एक ते दोन भाग, पाणी आणि चिमूटभर सीएमसी (डिंकासारखी घट्टपणा देणारी पूड). नुसता ऑक्साइड पाण्यात कालवून लावला तर तो भाजल्यावर कोरडा, धातूसारखा काळपट राहतो. कच्चं ग्लेझ रंगातलं पाणी झटकन पिऊन टाकतं, त्यामुळे कुंचला अडखळतो आणि हात दबून चालतो. ग्लेझच्या पाण्यातही अर्धा टक्का सीएमसी घातला तर रेघ मोकळी जाते. कुंचला जाड, भरपूर ओला, आणि रेघ खांद्यातून. एकदा पडलेली रेघ परत गिरवायची नाही.

काळी रेषा हवी असेल तर अमेरिकेतल्या व्हिक्टर श्रेकेनगॉस्टचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तो व्हिएन्नात पोव्होल्नीकडे शिकून आला आणि १९३१च्या सुमारास ओहायोच्या काउअन पॉटरीत 'जॅझ बोल' केला: काळी स्लिप, तिच्यातून खरवडून काढलेलं न्यूयॉर्कचं रात्रीचं चित्र, वर लख्ख निळं ग्लेझ. काळ्यावर निळं काळंच राहतं, खरवडलेल्या पांढऱ्यात निळं पेटतं. रेषा हाताच्या दाबाने जाड-बारीक होते आणि ग्लेझ खणलेल्या रेषेत साचून आणखी गडद होतं. आकार आणि रंग एकाच हालचालीत घडणं म्हणतात ते हेच.

ओघळ. व्हिएन्नाच्या काळातल्या ग्लेझमध्ये शिसं असायचं, म्हणून ती तेलासारखी वाहत. शिसं आपण वापरायचं नाही. जुन्या कृतींत 'रेड लेड' लिहिलेलं असतं. तो म्हणजे आपला शेंदूरच, आणि तो ग्लेझच्या बादलीत जायला नको. शिसं नसताना ओघळ मिळवायला दोन ग्लेझ ठेवा: खाली न वाहणारं पांढरं, वरच्या तिसऱ्या भागात वाहतं रंगीत. वाहतं करायला पारदर्शक ग्लेझमधलं चायना क्ले ८वर आणा आणि लिथियम कार्बोनेट ३ घाला. वरचा थर पापणीच्या किंवा केसांच्या कडेखाली जाडसर, दीड-दोन मिलिमीटर. ओघळ किती उतरेल हे उंचीवर आणि वर किती वेळ रोखलं यावर आहे. तळाच्या वर ३ सेंटीमीटर जागा कोरडी सोडा, आणि खाली मातीची बशी ठेवा म्हणजे शेल्फ वाचेल. ओघळ मधेच थांबवायचा असेल तर तिथे ओल्या मातीत आडवी कड ओढून ठेवा. ग्लेझ तिच्यावर थबकतं. ही कड आधी नसेल तर नंतर काही करता येत नाही.

खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा पृष्ठभाग हवा असेल तर पश्चिम जर्मनीकडे बघा. १९६०–७०च्या दशकात तिथल्या शॉयरिश, रुशा अशा कारखान्यांनी लाव्हासारखी ग्लेझ घातलेल्या फुलदाण्या ढिगांनी काढल्या. इथे काम सिलिकॉन कार्बाइडचं: अगदी बारीक पूड १ ते २ टक्के. वितळलेल्या ग्लेझमध्ये ती वायू सोडते, बुडबुडे फुगतात, फुटतात आणि खड्डे राहतात. बुडबुडे छोटे आणि टोकदार राहिले तर भट्टी थोडी कमी गेली. सगळं पुन्हा गुळगुळीत झालं तर जास्त गेली किंवा फार वेळ रोखली. थर २ मिलिमीटर तरी हवा. वाळलेल्या चिखलासारखी बेटं हवी असतील तर ग्लेझमध्ये हलकं मॅग्नेशियम कार्बोनेट २० ते ३० भाग घाला. ते सुकताना फाटतं आणि भाजताना आकसून वेगळं होतं. आधी खाली गडद रंगाचा थर भाजून घ्या, म्हणजे फटींतून तो दिसेल. दोन्ही गोष्टी एका कामात एकाच जागी असू द्याव्यात, गळ्यापाशी किंवा खांद्यावर. सगळीकडे पसरल्या की नजर ठरत नाही.

ग्लेझ नको तिथे आकसून मागे सरत असेल, तर ते बहुधा धूळ किंवा हाताचं तेल. बिस्क ओल्या स्पंजने पुसा आणि एक दिवस वाळू द्या. त्यानेही थांबलं नाही तर ग्लेझमध्ये कच्चं चायना क्ले २०च्या वर गेलंय का ते पहा. बारीक तडे पडत असतील तर मातीत बारीक क्वार्ट्झ ५ टक्क्यांनी वाढवून पाहा.

आकाराच्या धाडसासाठी व्हिएन्नाच्या पुढे दोन ठिकाणं बघा. इटलीतल्या आल्बिसोलामध्ये लुचिओ फोंतानाने १९३०च्या दशकात मातीला बोटांनी झपाझप खणून, वर चमकतं ग्लेझ देऊन समुद्री प्राणी केले. तिथेच १९५४मध्ये डेन्मार्कच्या आस्गर योर्नने कलाकारांचा सिरॅमिक मेळावा भरवला. १९५९मधल्या ऑर्हुसच्या शाळेच्या भल्यामोठ्या भित्तिशिल्पासाठी त्याने ओल्या मातीवरून स्कूटर चालवली. टायरच्या खाचा ग्लेझने भरल्या आणि त्यांतून रंगाचे पट्टे निघाले. दुसरं ठिकाण लॉस एंजेलिस. १९५४मध्ये तिथल्या कलाशाळेत आलेल्या पीटर व्हॉल्कोसने चाकावरची भांडी एकावर एक रचली, फाडली, भोसकली. त्याच्या मोठ्या थाळ्यांत पोर्सिलेनचे पांढरे तुकडे भिंतीतून आरपार खुपसलेले दिसतात. तपकिरी मातीत ते रंगाचंच काम करतात, कुंचला न लावता. लाल मातीत हे करायचं तर पोर्सिलेन नको, आकुंचन जुळत नाही. त्याच लाल मातीत वरच्या एंगोबचा जाड लगदा करून छोटे गोळे दाबा, बोराएवढे, त्याहून मोठे नाहीत.

भट्टीतून आल्यावर रंग हवा तसा नसेल तर दोन वाटा आहेत. ग्लेझ कमी पडलं असेल तर काम ७०–८० अंशांपर्यंत गरम करून त्यावर सीएमसी जास्त घातलेलं दाट ग्लेझ कुंचल्याने लावा आणि २० अंश कमी तापमानाला पुन्हा भाजा. लाल-नारिंगी आणि चकाकीचे रंग अशा दुसऱ्या, कमी तापमानाच्या भाजणीतच जास्त चांगले टिकतात, त्यामुळे ते सुरुवातीपासून शेवटच्या भाजणीसाठी राखून ठेवायला हरकत नाही. दुसरी वाट ग्लेझ सोडण्याची. व्हॉल्कोसबरोबर लॉस एंजेलिसला शिकलेल्या केन प्राइसने आपल्या उत्तरायुष्यात भाजलेल्या मातीवर ॲक्रिलिकचे अनेक थर चढवले आणि सँडपेपरने घासून खालचे थर ठिपक्यांसारखे उघडे केले. असं काम घरातच ठेवायचं, पाणी आणि ऊन लावायचं नाही.

मँगनीज आणि कॅडमियमच्या भाजणीत खोली उघडी ठेवा आणि भट्टीजवळ बसू नका. सुकं ग्लेझ ढवळताना आणि खरवडताना एन-९५ मास्क घाला, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. लाव्हा ग्लेझची टोकं डायमंड पॅडने पाण्याखाली घासून बोथट करा. फुलदाणीत पाणी घालायचं असेल तर आतून साधं पारदर्शक ग्लेझ ओतून, फिरवून लगेच काढून घ्या, आणि भाजल्यावर पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर ओल दिसली तर आतून आणखी एक थर लागेल.